असाइनमेंट (महाविद्यालयीन लेखनकार्य)

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात परीक्षेबाहेर, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या प्रश्नावर विद्यार्थ्याने केलेले लेखन. स्वाध्याय, गृहपाठ, लेखनकार्य असे शब्द उपलब्ध असले तरी कॉलेजात रूढ शब्द ‘असाइनमेंट’ हाच आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार श्रेयांकाची (क्रेडिटची) रचना आली. त्यामुळे अंतर्गत मूल्यमापनाचे वजन वाढले आणि असाइनमेंट जवळजवळ प्रत्येक विषयात आली. तिची रचना कशी करावी हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिला. अभ्यासक्रमातील एखाद्या घटकाचे नाव घेऊन पुढे ‘माहिती लिहा’ जोडले की असाइनमेंट झाली, असे समजले जाते.

पार्श्वभूमी : लेखन शिकवणे हे फक्त भाषेच्या विभागाचे काम नाही, प्रत्येक विषयाची लिहिण्याची आपली रीत असते, ही भूमिका अमेरिकेतील महाविद्यालयांत १९७० च्या दशकात चळवळीच्या रूपाने पुढे आली. ब्रिटनमध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक जेम्स ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या लेखनाचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. मुलांचे जवळजवळ निम्मे लेखन परीक्षक म्हणून बसलेल्या शिक्षकासाठीच असते, असे त्यात आढळले. आपल्याकडच्या असाइनमेंटचेही दुखणे हेच आहे. जे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते पुन्हा त्यालाच सांगायचे असेल, तर गाईडमधून उतरवणे हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने सरळ मार्ग ठरतो. त्यावरचा उपाय, परिसरातील कामातून शिकण्याचा विचार, विदर्भाला परका नाही. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा पायाच तो होता.

प्रश्नाची घडण : चांगल्या प्रश्नात विद्यार्थ्यापुढे सामग्री असते, तिच्यावर घ्यायचा एक निर्णय असतो आणि तो निर्णय ज्याला सांगायचा तो वाचक असतो. सामग्री नसेल तर उत्तर पुस्तकातून येते. निर्णय नसेल तर उत्तर नुसती यादी होते. वाचक नसेल तर किती खोलात जायचे हे विद्यार्थ्याला कळत नाही आणि तो पाने भरत राहतो.

कीटकशास्त्रातले उदाहरण घेऊ. ‘गुलाबी बोंडअळीची माहिती लिहा’ या प्रश्नाला ऐंशी विद्यार्थ्यांकडून एकच उत्तर येते : शास्त्रीय नाव, जीवनक्रम, नुकसानीचा प्रकार, उपाय. हाच घटक असा विचारता येतो : ‘एका कपाशीच्या शेतात कामगंध (पतंगांना गंधाने ओढणाऱ्या) सापळ्यांत पाच रात्री प्रतिसापळा सरासरी ९, १०, ७, १२ आणि ९ पतंग सापडले. शेतकऱ्याने आज फवारावे का? त्याला समजेल अशा २५० शब्दांत सांगा आणि तुमचे मत कोणत्या निरीक्षणाने बदलेल तेही लिहा.’ प्रतिसापळा ८ पतंग सलग तीन रात्री, ही सापळ्यांसाठीची आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथून फवारणी परवडते ती मर्यादा, आहे. पाच रात्रींची सरासरी ९.४ येते, म्हणून घाईने लिहिणारा ‘फवारा’ म्हणतो. नीट पाहणाऱ्याला दिसते की तिसऱ्या रात्री आकडा ७ वर आला आणि सलग तीन रात्रींची अट पुरी झालेली नाही. त्याहून पुढचा विद्यार्थी म्हणतो की सापळा एकटा पुरेसा नाही, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) मोजा, वीस हिरवी बोंडे फोडून पाहा. दोन बोंडांत अळी सापडली तर दहा टक्क्यांची दुसरी पातळी गाठली गेली. प्रश्न पाच ओळींचा, आकडे पाचच, पण तीन प्रकारची उत्तरे वेगळी ओळखू येतात. आकडे असेच निवडावे लागतात. सोपी वाट चुकीच्या उत्तराकडे जाईल आणि विचाराची वाट योग्य उत्तराकडे, इतके साधले की प्रश्न जमला.

वाणिज्यात कापसाच्याच हमीभावाचा प्रश्न याच घडणीचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हा दर ८ टक्के ओलाव्याला; त्यापुढे दर टक्क्यामागे १ टक्का कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. ११ टक्के ओलाव्याचा १० क्विंटल कापूस आज विकला तर ७८,६६७ रुपये मिळतात. वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर दर पुरा मिळतो, पण वजन साधारण ९६७ किलोवर येते आणि रक्कम सुमारे २१२ रुपयांनी कमी भरते. ओलावा १३ टक्के असेल तर वाळवण्यावाचून गत्यंतर नाही. ‘आज विकावा की वाळवावा, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांना एका पानाचे टिपण लिहा’ असे दिले, तर टक्केवारी, वजनातील घट आणि स्पष्ट शिफारस या तिन्ही गोष्टी एका पानात तपासल्या जातात. फक्त दर पाहणारे विद्यार्थी निम्म्याहून अधिक निघाले तरी आश्चर्य नको. वर्गात चर्चा करण्यासारखी चूक ती हीच.

इतर विषयांत सामग्री वेगळी, तत्त्व तेच. सूक्ष्मजीवशास्त्रात लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तो प्रसंग घेता येतो. पाण्याचा नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. या एका निरीक्षणावरून रंग पाण्यात विरघळलेला होता की पेशींत, हे दीडशे शब्दांत सिद्ध करायला सांगावे. राज्यशास्त्र आणि इतिहासासाठी पूर्व विदर्भातील गावांची निस्तारपत्रके हाताशी असतात. चराई, सरपण, तलावाचे पाणी यांवरील गावाचे जुने हक्क त्यांत नोंदलेले आहेत. अशा पत्रकातील एक हक्क घेऊन २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यात काय बदलले हे लिहायला दिले, तर मालगुजारी (जमीनदारांमार्फत महसूल गोळा करण्याची जुनी पद्धत) गेल्यावर तलावांचे काय झाले हा प्रश्न आपोआप पुढे येतो. भाषाविज्ञानात घरातले दहा मिनिटांचे बोलणे ऐकून ‘जाऊन राह्यला’, ‘करून राह्यली’ अशी पंधरा वाक्ये टिपावीत आणि वऱ्हाडीत हे रूप केव्हा येते, केव्हा येत नाही याचा नियम मांडावा. गणितात सिद्धता बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशी शब्दांत लिहायला लावणे पुरते.

असाइनमेंटचा कागद : प्रश्न तोंडी सांगू नये. फळ्यावरून उतरवताना शब्द गळतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना प्रश्नच बदलतो. एका पानाच्या छापील कागदावर हेतू (यातून काय करता यायला हवे), नेमके काम, वाचक, शब्दमर्यादा, टप्प्यांच्या तारखा, गुणांची विभागणी आणि एक छोटा नमुना असावा. नमुना दुसऱ्या विषयावरचा द्यावा, नाहीतर तोच उतरवला जातो. ‘चर्चा करा’, ‘प्रकाश टाका’, ‘विवेचन करा’ ही क्रियापदे टाळलेली बरी. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला त्यांतून काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी तुलना करा, निवडा, कारण द्या, चूक शोधा, शिफारस करा असे लिहावे. मर्यादा पानांत नको, शब्दांत असावी. पाने सांगितली की अक्षर मोठे होते.

टप्पे आणि वेळापत्रक : एकाच तारखेला सगळे मागितले की आदल्या रात्रीचे लेखन मिळते. पहिला मसुदा तासिकेतच, पंचवीस मिनिटांत, हाताने लिहून घ्यावा आणि त्यावर सही करून परत द्यावा. आठवड्याने जोडीदाराने वाचून दोनच प्रश्न लिहावेत : यातला मुख्य मुद्दा कोणता? मला कुठे पटले नाही? अंतिम प्रत त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, पहिला मसुदा जोडून. मसुदा जोडण्याची अट सोडू नये, कारण सुधारणा दिसते ती त्यातूनच.

तारखा ठरवताना शेतीचे दिवस पाहावे लागतात. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकत्र येते. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि नोव्हेंबरात धानाची कापणी असते. मेळघाट आणि गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मे महिन्यात तेंदूपाने. त्या पंधरवड्यात हजेरी घटते ती आळसामुळे नव्हे. घरचे हात कमी पडतात म्हणून मुले शेतात असतात. अंतिम प्रतीची तारीख सप्टेंबरच्या मध्याला किंवा दिवाळीनंतर (धानाच्या भागात कापणी उरकल्यावर) ठेवली की हा तिढा सुटतो. जमा करण्याची वेळही कॉलेज सुटण्याच्या तोंडावर नको, कारण शेवटची एसटी गाठणाऱ्या मुली तेव्हा निघालेल्या असतात. टाइप केलेली प्रत सक्तीची करू नये. तालुक्याच्या ठिकाणी मराठी टायपिंगला पानामागे पैसे मोजावे लागतात, आणि ते काम दुसऱ्यानेच केलेले असते. आखीव कागदावरची हस्तलिखित प्रत पुरेशी आहे.

भाषा : विचार वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत, व्याख्यान प्रमाण मराठीत आणि संदर्भ इंग्रजीत, अशी तिहेरी स्थिती विदर्भात सर्रास असते, कोरकू वा गोंडी घरांतल्या मुलांसाठी ती चौपदरी होते. पहिल्या मसुद्यात बोलीला पूर्ण मोकळीक द्यावी. पारिभाषिक संज्ञा मात्र अंतिम प्रतीत नेमक्या हव्यात, आणि त्यासाठी कागदाच्या मागे दहा-बारा संज्ञांची यादी द्यावी.

तपासणी : खरी अडचण येथे असते. ऐंशी विद्यार्थी, प्रत्येकी आठ मिनिटे धरली तर एका असाइनमेंटला १० तास ४० मिनिटे लागतात. वर्षाला अशा सहा असाइनमेंट एकट्या प्राध्यापकाला झेपत नाहीत. मग नुसती सही होते, आणि आपले कोणी वाचत नाही हे विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात समजते. म्हणून सत्रात एकच मोठी असाइनमेंट आणि पाच-सहा छोट्या, बिनगुणांच्या नोंदी ठेवाव्यात. तासाच्या शेवटी पाच मिनिटांत ‘आज काय कळले नाही’ एवढेच चिठ्ठीवर लिहून घेतले तरी चालते. त्यातल्या दहा-बारा वाचून पुढच्या तासाला उत्तर द्यावे.

मोठ्या असाइनमेंटसाठी वीस गुणांची विभागणी अशी ठेवता येते : निर्णय आणि त्याची स्पष्टता ६, पुराव्याचा वापर ८, मांडणी ४, शुद्धलेखन २. शुद्धलेखनाला दोनच गुण देण्यामागे कारण आहे. ते जास्त ठेवले की तपासणारा ऱ्हस्व-दीर्घातच अडकतो आणि तर्क न वाचता लाल पेन चालते. अमेरिकेतील लेखन-अध्यापनाचे अभ्यासक रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत येथे उपयोगी पडते : चूक दुरुस्त करायची नाही, फक्त त्या ओळीसमोर समासात एक खूण करायची. चूक शोधून विद्यार्थ्यानेच सुधारायची. बऱ्याच चुका त्याला स्वतःलाच सापडतात. त्याशिवाय प्रत्येक प्रतीवर दोन वाक्ये पुरतात, एक जमले त्याचे आणि एक पुढच्या वेळी बदलायच्या एकाच गोष्टीचे.

नक्कल : झेरॉक्स, मागच्या वर्षीच्या वह्या आणि आता मोबाइलवरील चॅटबॉट हे तीन स्रोत आहेत. ‘माहिती लिहा’ प्रकारचा प्रश्न तिघांनाही सारखाच सोपा. वर्गातला मसुदा, स्वतः घेतलेली निरीक्षणे (तारीख, जागा, मोजमाप यांसह) आणि दोन मिनिटांचा तोंडी प्रश्न यांनी नक्कल बरीच कमी होते. तोंडी प्रश्न सगळ्यांना विचारावा, संशयितालाच नव्हे. ‘ही ओळ का लिहिली?’ एवढाच. सापळ्यांचे किंवा कापसाचे आकडे दरवर्षी बदलावेत आणि वर्गाच्या चार गटांना चार वेगळे संच द्यावेत. संच बदलताना उत्तरही बदलते की नाही हे प्राध्यापकाने आधी स्वतः सोडवून पाहावे, कारण आकडा ७ चा ८ केला की बोंडअळीच्या प्रश्नातला पेच पूर्ण नाहीसा होतो.