रडगाणं ऐकून बरं का वाटतं?

अमेरिकन कंट्री गायक जॉर्ज जोन्सला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं. असलं मरणाचं गाणं कुणी विकत घेणार नाही, असं त्याने शिवी हासडून सांगितलं होतं. निर्माता बिली शेरिल मात्र हटून बसला. त्या दिवसांत जोन्स दारूत इतका बुडालेला असायचा की गाण्यातला नुसता बोलून म्हणायचा छोटासा तुकडाही त्याला धड म्हणता येईना, जीभ अडखळायची. रखडत रखडत रेकॉर्डिंग संपलं आणि १९८० मध्ये ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ बाजारात आलं. अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याला सर्वोत्कृष्ट गीत ठरवलं. २०१३ मध्ये जोन्स वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीत कंट्री गायक ॲलन जॅक्सन हेच गाणं गायला.

गोष्ट साधी आहे. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असं एक माणूस एका बाईला सांगतो. ती निघून जाते. तो तिची १९६२ सालची पत्रं उशाशी जपून ठेवतो आणि त्यांत जिथे जिथे तिने प्रेमाची कबुली दिलीय, ती प्रत्येक जागा लाल रंगाने अधोरेखित करतो. आज त्याने प्रेम करणं थांबवलंय. का, ते दारावर लावलेल्या पुष्पचक्रावरून ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं.

हे ऐकून डोळ्यांत पाणी येतं, आणि माणूस तेच गाणं पुन्हा लावतो. खऱ्या आयुष्यात जे टाळायला आपण जिवाचं रान करतो, ते इथे पैसे मोजून का घ्यायचं?

कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांचं, मुख्यतः गोऱ्या कष्टकऱ्यांचं संगीत मानलं जातं. प्रत्यक्षात ब्रिटन-आयर्लंडहून आलेली कथागीतं, चर्चमधली भजनं, कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि मूळ आफ्रिकी वंशाचा बँजो यांच्या मिश्रणातून ते उभं राहिलं. १९२७ मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात निर्माता राल्फ पीअरने ध्वनिमुद्रणं केली, तिथून त्याचा मोठा बाजार सुरू झाला. त्यातून पुढे आलेला गायक जिमी रॉजर्स क्षयाने गेला. त्याआधी त्याने क्षयावरच गाणं करून ठेवलं होतं! दुःख या संगीताच्या पायातच आहे.

पाश्चात्त्य संगीतात दुःख म्हटलं की मायनर स्केल, म्हणजे आपल्या भाषेत कोमल गंधाराची छाया, असा ढोबळ समज आहे. जोन्सचं हे गाणं मात्र मेजरमध्ये आहे. आपल्या हिशेबाने बिलावल थाटाचे शुद्ध स्वर. कंट्री गायक हँक विल्यम्सचं १९४९ सालचं ‘आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय’ घ्या. एकटेपणावर याहून गडद गाणं सापडणं कठीण, आणि तेही मेजरमध्येच, तीन मात्रांच्या डुलत्या ठेक्यात. तेव्हा दुःख सप्तकात शोधून भागत नाही.

ते गळ्यात सापडतं. पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लाउक्का या स्वीडिश संशोधकांनी २००३ मध्ये बोलणं आणि संगीत या दोन्हींवरच्या जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. दुःखी माणूस सावकाश बोलतो, हळू बोलतो, त्याचा आवाज खाली उतरतो आणि त्यातले चढउतार कमी होतात. वादक-गायक दुःख दाखवायचं ठरवतात, तेव्हा बहुतेक याच खुणा वापरतात. कंट्री गायक यावर आणखी एक चढवतो: आवाज फुटणं. रडू येताना शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून स्वरयंत्राचं दार उघडं राहायला बघतं. आवंढा गिळायचा तर ते मिटावं लागतं. या ओढाताणीतून घशाशी गोळा येतो आणि स्वर मध्येच तुटतो. कंट्री गायक ओळीच्या नेमक्या शब्दावर स्वरतंतूंना जाड, सैल अवस्थेतून क्षणात ताणलेल्या, पातळ अवस्थेत जाऊ देतो. हुंदक्यासारखा तो तडा ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावच्या गुत्त्यांत बसून ॲरन फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञाने या फुटण्याचा अभ्यास केला. तिथल्या कामगारांच्या गप्पांतला आवाज आणि गाण्यातला आवाज यांच्यात फारशी भिंत नसते, हे त्याच्या लिखाणातून दिसतं.

गायक थांबला की त्याची जागा पेडल स्टील गिटार घेते. मांडीशी आडव्या ठेवलेल्या वाद्याच्या तारांवरून पोलादी कांडी सरकते. पायाखालच्या पट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायचे खटके नेमक्या एक-दोन तारांचा स्वर वर-खाली करतात, बाकीच्या तारा जागच्या जागी वाजत राहतात. दुसरा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. त्यामुळे तार छेडल्याचा ठोका लपवता येतो आणि स्वर शून्यातून उमलत येतो. हे सगळं मींड आणि उसाशाच्या फार जवळचं आहे. १९५४ मध्ये गायक वेब पीअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने हे पेडल तंत्र वाजवलं आणि कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातले वादक त्या तंत्राच्या मागे लागले. वाद्याचं मूळ हवाई बेटांवरचं. त्याच हवाईयन गिटारची दुसरी शाखा आपल्याकडे आली: सुनील गांगुलींच्या तबकड्यांवरची सिनेगीतं आणि ब्रिजभूषण काबरा यांचे राग. घसरत जाणारा स्वर आपल्या कानाला परका वाटत नाही, यात नवल नाही.

आता मूळ प्रश्न. दुःख ऐकू येतं हे ठीक, पण त्यात सुख कसलं?

कॅनेडियन संगीतशास्त्रज्ञ डेव्हिड ह्युरॉनने २०११ मध्ये एक देखणी कल्पना मांडली. माणूस रडतो तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि ते मनाला निववतं. दुःखी संगीत मेंदूला चकवून हे प्रोलॅक्टिन सोडायला लावत असेल. प्रत्यक्षात कुणी मेलेलं नसतं, म्हणून वेदना नाही आणि दिलासा मात्र फुकटात. वर्तमानपत्रांना ही कल्पना फार आवडली. २०२१ मध्ये टुओमास ईरोला आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. ६२ स्त्रियांचं रक्त घेतलं. काहींना अनोळखी दुःखी वाद्यसंगीत ऐकवलं, काहींना काहीच नाही. ज्यांच्यात सहानुभूतीची वृत्ती जास्त होती, त्यांच्यात संगीत ऐकल्यावर प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन्ही संप्रेरकं कमी निघाली. म्हणजे उलटंच. एका प्रयोगाने सिद्धांत मरत नाही, पण हा बराच लंगडा झाला.

मला जास्त पटतो तो दुसरा धागा. योना वुओस्कोस्की आणि ईरोला यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ऐकणाऱ्याला आलेलं दुःख आणि मिळालेला आनंद यांच्यामध्ये एक तिसरी भावना बसलेली असते: हेलावून जाणं. तिचा हिशेब धरला की दुःखाचा आनंदाशी थेट संबंध उरत नाही. अनेकांना दुःखी गाण्यातून येणारी सर्वांत ठळक भावना दुःख नसून जुन्या दिवसांची हुरहुर असते, हे तारुफी आणि कोएल्श यांच्या २०१४ च्या ७७२ जणांच्या पाहणीतही दिसलं होतं. करुणरसातून आनंद कसा, यावर आपल्याकडेही वाद झालाच आहे. काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताच्या मते सगळे रस आनंदरूपच. बाराव्या शतकातल्या ‘नाट्यदर्पण’ या ग्रंथाचे कर्ते रामचंद्र आणि गुणचंद्र म्हणाले की नाही, काही रस चक्क दुःखाचेच. प्रयोगशाळा अजून याच दोन टोकांमध्ये फिरते आहे.

हेलावून जाण्यात कंट्रीच्या शब्दकळेचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. नुसतं ‘मी उद्ध्वस्त झालो’ ऐकून मन हलत नाही. पत्रांवरचं साल आणि लाल रेघ ऐकली की डोळ्यांसमोर खोली उभी राहते, आणि कुणाच्याही आठवणीतली एखादी वस्तू त्या खोलीत आपोआप जाऊन बसते.

या गाण्यांवर आरोपही झाले. स्टीव्हन स्टॅक आणि जिम गुंडलाख यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ४९ महानगरांची आकडेवारी मांडली: रेडिओवर कंट्री जितकं जास्त, तितकं गोऱ्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण जास्त. २००४ मध्ये या शोधनिबंधाला इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा गमतीदार पुरस्कार, मिळाला. इतर संशोधकांनी तीच पडताळणी केली तेव्हा मात्र हा संबंध टिकला नाही, आणि टिकला असता तरी गाण्यामुळे माणसं मरतात असं त्यातून निघत नव्हतं.

एकेका माणसाच्या पातळीवर चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. २०२० च्या एका अभ्यासात नैराश्य असलेल्यांनी दुःखी संगीत पसंत केलं, पण कारण सांगितलं ते त्याने शांत वाटतं हे. ऑस्ट्रेलियात सँड्रा गारिडो आणि एमरी शुबर्ट यांना मात्र तेच ते विचार उगाळत बसण्याची सवय असलेल्यांची मनःस्थिती स्वतः निवडलेलं दुःखी गाणं ऐकून आणखी खालावलेली आढळली, आणि तरीही त्यातल्या अनेकांना गाण्याचा फायदाच होतो असं वाटत होतं. शांत वाटणं आणि बरं होणं वेगवेगळं मोजायचं कसं, हे अजून ठरायचं आहे.