पोलीस ट्रेड-इन पिस्तूल

पोलीस ट्रेड-इन पिस्तूल म्हणजे अमेरिकेतील राज्य, काउंटी किंवा शहर पातळीवरील पोलीस दलाने काही वर्षे वापरून नव्या शस्त्रांच्या बदल्यात विक्रेत्याला दिलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर. विक्रेता जुन्या शस्त्रांची ठरलेली किंमत नव्या खरेदीच्या बिलातून वजा करतो आणि ती शस्त्रे परवानाधारक दुकानांमार्फत नागरिकांना विकली जातात. आपल्याकडे जुने सोने मोडीत घालून नवा दागिना करतात, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. फरक एवढाच की ही मोड वितळवली जात नाही, ती आहे तशीच पुढच्या गिऱ्हाइकाच्या कमरेला जाते.

दल शस्त्रे बदलते ते बहुतेक वेळा ती झिजली म्हणून नव्हे, तर काडतुसाबद्दलचे मत बदलले, नवे मॉडेल आले किंवा अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणून. विसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकी पोलिसाच्या कमरेला ०.३८ बोअरचे सहाबारी रिव्हॉल्वर असे. स्मिथ अँड वेसन कंपनीचे १८९९ साली आलेले आणि पुढे ‘मॉडेल १०’ या नावाने ओळखले गेलेले रिव्हॉल्वर हा त्याचा ठळक नमुना. १९८० च्या दशकापासून दले स्वयंभरणी पिस्तुलांकडे वळली, तेव्हा ही रिव्हॉल्वरे मोठ्या संख्येने दुकानांत आली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआय या संघीय तपास संस्थेचे दोन अधिकारी ठार झाले. एका दरोडेखोराच्या छातीत शिरलेली ९ मि.मी.ची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती, आणि त्यानंतर तो काही काळ लढत राहिला. त्यावरून अधिक जोरकस काडतुसाचा शोध सुरू झाला. आधी निवडलेले १० मि.मी.चे काडतूस अनेकांना झेपेना, म्हणून त्याची आखूड आवृत्ती ०.४० बोअरच्या रूपाने १९९० मध्ये आली आणि देशभरच्या पोलिसांनी ती उचलली. २०१० च्या दशकाच्या मध्यास, गोळ्यांची रचना सुधारल्याचे कारण देऊन, एफबीआय पुन्हा ९ मि.मी.कडे वळली आणि तिच्या पाठोपाठ कित्येक दले वळली. ग्लॉक कंपनीची ०.४० बोअरची २२ आणि २३ ही पिस्तुले जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली, ती या माघारीमुळे. त्यांच्यात काही खोट निघाली म्हणून नव्हे.

अशा पिस्तुलाचे वर्णन दुकानदार ‘वागवले फार, झाडले थोडे’ अशा अर्थाच्या शब्दांत करतात, आणि ते पुष्कळ अंशी खरे असते. गस्तीवरचा पोलीस पिस्तूल रोज होल्स्टरमध्ये घालतो आणि काढतो. गोळ्या मात्र तो मुख्यतः वर्षातून एकदोनदा होणाऱ्या पात्रता-चाचणीत झाडतो. त्यामुळे काउंटरवर ठेवलेल्या ग्लॉक २२ च्या स्लाइडचा, म्हणजे नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाचा, काळा मुलामा तोंडाकडच्या कडांवर उडून खालचे पोलाद राखाडी दिसते, आणि मुठीची एक बाजू गाडीच्या दारावर व सीटबेल्टच्या बक्कलवर घासून गुळगुळीत झालेली असते. स्लाइडवर एखाद्या दलाची आद्याक्षरे कोरलेली आढळतात. पण मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून, स्लाइड मागे ओढून आणि काडतुसाचा कोठा रिकामा असल्याची खात्री करून नळीत उजेड पाडला, तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे बहुधा स्वच्छ आणि धारदार दिसतात.

उलटा प्रकारही घडू शकतो, आणि नवखा गिऱ्हाईक तिथेच फसतो. प्रशिक्षण अकादमीतील पिस्तूल होल्स्टरमध्ये फारसे जात नाही, पण हजारो गोळ्या झाडते. ते बाहेरून चकचकीत आणि आतून थकलेले असू शकते. म्हणून जाणकार रंगापेक्षा झिजेच्या जागा पाहतात, आणि खरेदीनंतर रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग, बदलून टाकतात. तो भाग स्वस्त असतो. रात्रीच्या नेमासाठी बसवलेल्या ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) चमकत्या ठिपक्यांचेही वय मोजावे लागते. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १२.३ वर्षांचा असल्याने बारा वर्षे सेवेत असलेल्या पिस्तुलाचे ठिपके निम्म्याच तेजाने चमकतात, आणि नवे बसवायचे म्हटले तर किमतीतील बचतीचा मोठा वाटा तिथेच जातो. काही पिस्तुलांना मुद्दाम जड केलेला चाप असतो. न्यूयॉर्कमधील पोलिसांच्या मागणीवरून निघालेल्या अशा जोडणीला ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ हेच नाव पडले.

पोलिसांचे जुने शस्त्र म्हणून कायद्यात सवलत मिळत नाही. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार दुकानदाराला संघीय परवाना लागतो आणि त्याच्याकडून पिस्तूल घेणाऱ्याचे वय किमान २१ असावे लागते. गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो आणि १९९८ पासून चालू असलेल्या एफबीआयच्या तपासणी यंत्रणेत त्याची पार्श्वभूमी पाहिली जाते. परराज्यातील दुकानातून मागवलेले पिस्तूल घरपोच येत नाही. ते गिऱ्हाइकाच्या राज्यातील परवानाधारकाकडे येते आणि सोपस्कार तिथे होतात. कॅलिफोर्नियात त्यानंतरही दहा दिवस थांबावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद असा की, ग्रीन कार्डधारकाला अशी खरेदी करता येते, तर एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगण्यासच मनाई आहे. भारतात ९ मि.मी. आणि ०.३८ हे दोन्ही बोअर प्रतिबंधित वर्गात मोडत असल्याने सामान्य परवानाधारकापुढे हा प्रश्नच उभा राहत नाही.

१९९४ ते २००४ या काळात दहापेक्षा अधिक गोळ्यांची नवी मॅगझिने नागरिकांना विकण्यास संघीय बंदी होती. बंदीपूर्वीची मात्र कायदेशीर राहिली. त्या वर्षांत पोलिसांच्या जुन्या पिस्तुलासोबत येणारी मॅगझिने एवढी मोलाची ठरली की त्यांच्यासाठी दलांना नवी पिस्तुले देऊ करणारे सौदे झाले.

या प्रथेवरील टीका जुनीच आहे. न्यू ऑर्लिन्स शहराने १९९८ मध्ये बंदूक उत्पादकांवर खटला भरला, तेव्हा त्याच शहराने जप्त केलेली शस्त्रे नव्या पिस्तुलांच्या बदल्यात बाजारात सोडली होती, हे उघड झाले. १९९९ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात ज्यू समाजकेंद्रावर गोळीबार करून नंतर एका टपाल कर्मचाऱ्याला मारणाऱ्या हल्लेखोराकडचे ग्लॉक वॉशिंग्टन राज्यातील कॉस्मोपोलिस या लहान गावाच्या पोलिसांकडून निघून बाजारात आले होते. २००६ पासूनच्या काळात पोलिसांच्या ५२,००० हून अधिक माजी बंदुका गुन्ह्यांच्या तपासात सापडल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रकारांच्या शोधात दिसून आले. त्यामुळे काही दले बिलातील वजावट सोडून जुनी शस्त्रे नष्ट करतात. काही दले पिस्तूल आधी ते वापरणाऱ्या अधिकाऱ्यालाच विकत घेण्याची संधी देतात, आणि निवृत्तीच्या वेळी पुष्कळजण ते घेतात.