पार्श्वभूमी : डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप, आणि गळालेला ‘एम’

११ किलोचा ऑस्बोर्न १ (१९८१) उचलून नेता येई, पण त्यात बॅटरी नव्हती. डेस्कटॉप रिप्लेसमेंट, म्हणजे डेस्कटॉपचीच जागा घेणाऱ्या ताकदवान लॅपटॉपचा तो फार लांबचा पूर्वज. हा प्रकार रुळला इंटेलच्या पेन्टियम ४ प्रोसेसरच्या काळात, काही लॅपटॉपांत थेट डेस्कटॉपचा प्रोसेसर बसू लागला तेव्हा. वजन चार किलोच्या घरात, चार्जर विटेएवढा, बॅटरी जेमतेम तास-दीड तास. तरी महाराष्ट्रात तो घ्यायला ठोस कारण होतं : भारनियमन. डेस्कटॉपचा यूपीएस फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता पुरायचा. लॅपटॉपवर हातातलं काम तरी पुरं व्हायचं. शिवाय वन रूम किचनमध्ये काम संपलं की मशीन कपाटात जाई. ही सोय लहान नव्हती.

नावांचा घोळही तेव्हापासूनचा. २००३ मध्ये पेन्टियम ४-एम, मोबाइल पेन्टियम ४ आणि पेन्टियम एम अशा तीन निरनिराळ्या चिप एकाच वेळी बाजारात होत्या.

पुढे हा घोळ ग्राफिक्स कार्डात शिरला आणि तिथे तो जास्त महाग पडला. लॅपटॉपच्या चिपच्या आकड्यापुढे ‘एम’ असायचा : एनव्हिडिया कंपनीची जीटीएक्स ९८०एम. ही चिप डेस्कटॉपच्या ९८० पेक्षा कमी ताकदीची, हे त्या एका अक्षरावरून कळायचं. २०१६ मध्ये एनव्हिडियाने ते अक्षर काढलं. त्या वर्षापुरतं ते योग्यच होतं, कारण जीटीएक्स १०८० च्या डेस्कटॉप आणि लॅपटॉप अशा दोन्ही रूपांत २५६० कोअर (हिशेब करणारे छोटे घटक) होते आणि वेगात फरक थोडाच. पण २०१७ मध्ये सडपातळ लॅपटॉपांसाठी कमी विजेची, म्हणून कमी ताकदीची ‘मॅक्स-क्यू’ आवृत्ती आली, आणि २०२१ मध्ये तेही बिरुद वेगळं दाखवणं बंद झालं. आरटीएक्स ३०८० नावाची लॅपटॉप चिप आता ८० वॅटची असू शकत होती किंवा १५० ची. डेस्कटॉपच्या ३०८० मध्ये ८७०४ कोअर, लॅपटॉपमध्ये ६१४४, चिपच वेगळी. ओरड झाल्यावर लॅपटॉप बनवणाऱ्यांना वॅट जाहीर करायला सांगण्यात आलं. नावात ‘लॅपटॉप जीपीयू’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) असे शब्द होते, हा बचाव माझ्या मते तोकडा आहे. दुकानातल्या पाटीवर आकडाच मोठा असतो, आणि लाख-दीड लाख मोजणारा त्या आकड्यावरच विसंबतो.

बाकी तोटे डिझाइनमध्येच आहेत. विमानात विनापरवानगी १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी सहसा त्यापुढे जात नाही आणि पूर्ण ताकद प्लगवरच मिळते. सतत प्लगवर ठेवल्याने बॅटरी लवकर थकते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय त्यासाठीच आली. पूर्वी काही मशीनांत ग्राफिक्स कार्ड काढून बदलता येई. आता चिप मदरबोर्डवर डाखलेली असते, ती गेली की बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. रॅम आणि एसएसडी मात्र अनेक मॉडेलांत अजून वाढवता येतात. दर सुट्टीत हॉस्टेल ते घर करणाऱ्या विद्यार्थ्याला आजही याच्याइतका सोयीचा पर्याय दिसत नाही.

आकड्यांमधली दरी मात्र वाढतेच आहे. डेस्कटॉपची आरटीएक्स ४०९० होती ४५० वॅटची, २०२५ ची ५०९० आहे ५७५ ची. लॅपटॉपमधल्या दोन्हींची कमाल मर्यादा तीच राहिली : १५० वॅट, आणि वर फार तर २५.