परदेशी विद्यापीठांशी करार आणि मुंबईच्या कलेची जुनी देवघेव

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः पदवी देऊ शकणाऱ्या संस्थेचा, दर्जा मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांबरोबर संयुक्त पदवी देण्याचे नवे नियम आणले होते. त्यात विद्यार्थ्याने दोन्ही संस्थांत प्रत्येकी किमान 30 टक्के श्रेयांक (क्रेडिट्स) मिळवण्याची अट आहे. समकालीन कलेच्या संशोधनात परदेशी विद्यापीठांबरोबरच्या करारांची भाषा आता सुरू झाली आहे ती यामुळे. पण मुंबईच्या कलेचा बाहेरच्या जगाशी संबंध या करारांपेक्षा कितीतरी जुना आहे आणि तो बरोबरीचा क्वचितच होता.

1857 मध्ये जे. जे. सुरू झालं ते जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून. शिकवण्याची पद्धत मात्र लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या कलाशाळेची होती. जॉन ग्रिफिथ्स तिथूनच आले आणि 1872 पासून त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं काम हाती घेतलं. ते साधारण 1885 पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजींसारखे जे. जे.चे विद्यार्थी लेण्यांच्या अंधारात बसून रेषा उतरवत होते. आजच्या भाषेत ते क्षेत्रीय संशोधनच, आणि तेही मोठ्या ताकदीचं. प्रतिकृती मात्र लंडनला रवाना झाल्या. 1885 मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या, ज्या वाचल्या त्यांतल्या बऱ्याच आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे लंडनमध्ये छापलेल्या दोन खंडांवर नाव लागलं ते ग्रिफिथ्स यांचं. हात मुंबईच्या मुलांचे होते, ही गोष्ट फार उशिरा बोलली जाऊ लागली.

पुढे नाझी छळातून सुटून आलेले चित्रकार वॉल्टर लांगहॅमर आणि कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांच्यामुळे युरोपच मुंबईत येऊन पोहोचला. त्यांच्याकडच्या बैठकांना कुठलाही करार नव्हता, तरी मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक गटातल्या तरुण चित्रकारांना त्यांतून जे मिळालं ते मोलाचं होतं. नंतर शिष्यवृत्त्यांचा काळ आला. याच गटातले एस. एच. रझा 1950 मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. अमेरिकेतल्या रॉकफेलर निधीच्या पैशांवर 1964 मध्ये चित्रकार वासुदेव गायतोंडे आणि काही वर्षांनी तय्यब मेहता न्यूयॉर्कला गेले. या व्यवस्थेत माणूस जात होता, संस्था जागच्या जागीच राहत होत्या.

गायतोंड्यांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. गिरगावात वाढलेला, जे. जे.त शिकलेला हा चित्रकार. त्यांच्यावरचं मोठं संग्रहालयीन प्रदर्शन 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये झालं, आणि त्यासाठीचा शोध, अभ्यास, छापील ग्रंथ असं सगळं इंग्रजीत उभं राहिलं. इकडे सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’ या आपल्या कलाविषयक प्रकाशनातर्फे गायतोंड्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी मराठीत गोळा करून ग्रंथ काढला, तोही कुठल्या विद्यापीठाच्या पाठबळाशिवाय. दोन्ही कामं खरी आहेत. पण गायतोंड्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या हाती पहिलं काम सहज पडेल, दुसऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला मराठी यावं लागेल.

2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या ‘सेंच्युरी सिटी’ या प्रदर्शनात मुंबईचा विभाग होता. कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रपट-अभ्यासक आशीष राजाध्यक्ष यांनी त्यात 1992 च्या दंगलींनंतरचं शहर मांडलं. इथल्या माणसांनी प्रश्न ठरवला, जागा परकी होती. हे पुढचं पाऊल होतं, यात शंका नाही. पण ती भागीदारी संग्रहालयाशी होती. विद्यापीठाशी भागीदारी करायची तर आपल्याकडे तेवढंच भक्कम संशोधन केंद्र हवं. आपल्या कलाशिक्षणाचा सगळा भर मात्र दीर्घकाळ पदविका, परीक्षा आणि स्टुडिओतल्या कामावर राहिला. कलेतिहास हा तिथे बाजूचा विषय होता.

म्हणून येत्या करारांत माझ्या मते तीन गोष्टी आधी लिहून घ्यायला हव्यात. इथे गोळा केलेली कागदपत्रं आणि मुलाखती यांची पूर्ण प्रत मुंबईत राहावी. मराठी साधनांचं वाचन संशोधनाच्या खर्चातच धरलेलं असावं. आणि 1888 पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांच्या सूचीपत्रांवर काम करणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याचं नाव त्यातून निघणाऱ्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर यावं.