विणलेल्या कापडाला सरळ धाग्यांचे माप

थर सुटण्याची चिंता खऱ्या अर्थाने सुरू झाली ती विमानांच्या भागांत कार्बन-एपॉक्सी (कार्बन धाग्यांचे थर एपॉक्सी रेझिनने चिकटवून केलेले साहित्य) शिरल्यावर. हातातला पाना पडला की बाहेर ओरखडाही नसे आणि आत मात्र थर सुटलेले निघत. 1970 च्या दशकातली एपॉक्सी ठिसूळ होती. मोड-1 मध्ये, म्हणजे थर एकमेकांपासून दूर उघडताना, भेग वाढायला 100 ज्यूल प्रति चौरस मीटरच्या आसपास ऊर्जा पुरे. त्याच रेझिनमध्ये विणलेले कापड घातले की आकडा सहसा वर जाई, कारण भेगेला धाग्यांच्या चढउतारावरून वाट काढावी लागते.

हा मोड-1 चा आकडा डीसीबी चाचणीत, नमुन्याचे दोन बाहू टोकाशी ओढून उघडत, मोजतात. तिचे अमेरिकी मानक डी5528 हे 1994 मध्ये आले, तेही एकदिशीय, म्हणजे एकाच दिशेने सरळ जाणाऱ्या, धाग्यांपुरते. 2001 च्या आयएसओ 15024 चेही तेच. तरी कापडाचे नमुने त्याच साच्यात बसवले जातात: 20 ते 25 मिमी रुंदी, सुरुवातीची भेग म्हणून मधल्या थरात 13 मायक्रॉनपेक्षा जाड नसलेली फिल्म, कडेला पांढरा रंग आणि मिलिमीटरच्या खुणा.

घोळ आहे तो नेमका कोणता आकडा खरा मानायचा याचा. एकदिशीय नमुन्यात भेगेमागे धागे पुलासारखे ताणले जातात आणि भेग वाढेल तसा प्रतिरोधाचा वक्र खोटा चढतो, म्हणून मानक फिल्मच्या टोकाशी मिळणाऱ्या पहिल्या आकड्यावर भिस्त ठेवते. कापडात ते टोक धाग्याच्या उंचवट्यावर आले की रेझिनच्या खळग्यात, यावर तोच आकडा हलतो. पुढे भेग खळग्यातून सुसाट धावते आणि आडव्या धाग्याशी अडते. भाराचा आलेख करवतीच्या दातांसारखा येतो. या शिखरांची सरसकट सरासरी काढून तिला ‘प्रतिरोध’ म्हणणे ही सोय झाली, मोजमाप नव्हे. सुटण्याचा आणि थांबण्याचा आकडा वेगळा द्यायला हवा. सॅटिन विणीत (धागा अनेक धाग्यांवरून जाऊन मग एकाखालून जातो ती वीण) तर कोणत्या बाजू समोरासमोर आल्या हेही लिहायला हवे: उभ्या धाग्यांच्या दोन बाजू भिडल्या तर भेगेला जवळजवळ एकदिशीय थरच भेटतो, आडव्यांच्या भिडल्या तर ती धाग्यांच्या जुडग्यात शिरू शकते. अहवालात बहुधा ‘पाच-हार्नेस सॅटिन’ एवढेच असते.

मोड-2 चे, म्हणजे थर एकमेकांवर घसरतानाच्या भेगेचे, मानक डी7905 यायला 2014 उजाडले. तोवर चिवट रेझिन, थरांमधले थर्मोप्लास्टिक कण आणि जाडीतून घातलेले टाके रुळले होते. टाके दाट असले की डीसीबी चाचणीत भेग सरकण्याआधी नमुन्याचे बाहूच वाकून मोडतात, म्हणून दोन्ही बाजूंना जाडी वाढवणाऱ्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात. आणि त्यांचा ताठपणा हिशेबात धरायचा राहिला की आकडा पुन्हा चुकतो.