गणित अडते, की भाषा?

पंचवटीतल्या एखाद्या शाळेत चौथीच्या मुलांपुढे हे उदाहरण ठेवून पाहावे : ‘सोमनाथने द्राक्षांच्या १२ पेट्या भरल्या. त्या गणपतने भरलेल्या पेट्यांपेक्षा ५ ने कमी आहेत. तर गणपतने किती पेट्या भरल्या?’ ‘कमी’ हा शब्द दिसताच काही मुले वजाबाकी करून ७ लिहितात. उत्तर १७ आहे. या मुलांना बेरीज येत नाही असे नव्हे. कोणाच्या पेट्या कोणापेक्षा कमी, हा संबंध वाक्यातून उलगडताना ती चुकतात.

अशी चूक कोणाकडूनही होते, पण विकासात्मक भाषा विकार (दुसरे उघड कारण नसताना भाषा समजणे व वापरणे सतत अवघड जाणे) असलेल्या मुलांची वाट अशा वाक्यांत वारंवार अडते. इंग्लंड-अमेरिकेतील पाहण्यांनुसार शाळेत जाऊ लागलेल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांमध्ये तो आढळतो. दोन ढिगांपैकी मोठा कोणता, हे यांतली बरीच मुले चटकन ओळखतात. मात्र ओळीने अंक म्हणणे, पाढे आणि तोंडी बेरजा यांत ती मागे पडतात, कारण या गोष्टी बहुतांशी उच्चारांची साखळी म्हणून स्मरणात राहतात आणि ती साखळी धरून ठेवणेच त्यांना जड जाते.

मराठी संख्यानामे या अडचणीत भर घालतात. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन; ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येऊनही लिहायचे २९ असते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस सात’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा तिची थट्टाच अधिक झाली. भाषेच्या सौंदर्याचा मुद्दा मान्य करूनही, अशा मुलांसाठी ती पद्धत निदान पायरी म्हणून उपयोगी ठरू शकते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पेठ-सुरगाण्याकडील ज्या मुलाच्या घरी कोकणा बोली बोलली जाते, ते शाळेतल्या मराठीत अडखळले म्हणून त्याला विकार आहे असे समजू नये. खरा विकार घरच्या बोलीतही दिसतो, त्यामुळे तपासणी तिच्यातही व्हायला हवी.

शिक्षकांना एक साधी पडताळणी करता येते. तेच उदाहरण आधी नुसत्या अंकांत, मग मणी मांडून आणि शेवटी शब्दांत द्यावे. मूल केवळ शब्दांत अडत असेल, तर गणिताची शिकवणी वाढवण्याआधी वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवावे. तिन्ही रूपांत अडत असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या व गणित समजण्यातील विशिष्ट अडचणीचीही, तपासणी करावी लागते. दरम्यान सातचा पाढा पाठ होत नाही म्हणून भागाकार थांबवण्याचे कारण नाही. पाढ्यांचा छापील तक्ता समोर ठेवला, तरी भागाकार शिकता येतो.