बोल्टनमधला क्रॉम्प्टन: एका पुतळ्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये पूर्वी लँकशायरमध्ये मोडणाऱ्या बोल्टन शहरात, नेल्सन स्क्वेअरमध्ये सूतकताईचं यंत्र बनवणाऱ्या सॅम्युअल क्रॉम्प्टनचा बैठा पुतळा आहे. शिल्पकार विल्यम काल्डर मार्शल, अनावरण सप्टेंबर १८६२. क्रॉम्प्टन वारला १८२७ मध्ये. ज्याच्या यंत्रावर अख्खं शहर पोसलं, त्याचा पुतळा उभा राहायला ३५ वर्षं जावी लागली.

त्याच्याआधी कताईची दोन यंत्रं होती. हारग्रीव्ह्जच्या जेनीचं सूत नाजूक, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, टिकत नसे. आर्कराइटच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचं सूत मजबूत, पण जाड. हॉल-इथ-वूड या जुन्या वाड्यात राहणाऱ्या क्रॉम्प्टनने दोन्हींतलं हवं ते घेऊन १७७९ मध्ये 'म्यूल' तयार केलं. फिरत्या रुळांमधून कापसाची वात बाहेर येई, चात्यांचा (सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या काड्यांचा) गाडा मागे सरकत तिला ताण आणि पीळ देई, आणि गाडा परतताना सूत चातीवर गुंडाळलं जाई. मलमलीचं तलम सूत तोवर हिंदुस्थानातल्या कातणाऱ्यांच्या हातालाच साधत होतं. आता ते यंत्रावर निघू लागलं.

हत्यारांचे पैसे उभे करायला हा माणूस नाटकगृहात व्हायोलिन वाजवत असे. पेटंट त्याने घेतलंच नाही. वर्गणी काढून देऊ, असं कारखानदारांनी कबूल केलं म्हणून त्याने यंत्र सगळ्यांना खुलं केलं. हाती पडली ती अगदी किरकोळ रक्कम. १८११ मध्ये त्याने स्वतः गिरण्या हिंडून मोजदाद केली, तेव्हा म्यूलच्या ४० लाखांहून जास्त चात्या फिरत होत्या. त्यावर पार्लमेंटने १८१२ मध्ये ५,००० पौंड दिले. माझ्या मते ही उघड उघड बोळवण होती.

अनावरणाचं वर्षही ध्यानात घ्यायला हवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे दक्षिणेतला कापूस अडला होता, लँकशायरच्या गिरण्या बंद पडत होत्या, कामगार मदतीच्या अन्नावर दिवस काढत होते. त्याच टंचाईने मुंबईत कापसाचे भाव भडकले आणि व्यापारी गबर झाले. लँकशायरला गेलेल्या 'सुरती', म्हणजे हिंदुस्थानातल्या, कापसाचा धागा मात्र आखूड. तो सारखा तुटे आणि कामगार त्याला वैतागत.

तुटलेले धागे सांधायला मुलं असत. गाडा मागेपुढे होत असताना, वाकून, त्याच्या चालीबरोबर पावलं टाकत ती सूत जोडत. आणखी लहान मुलं यंत्राखाली शिरून कापसाचा कचरा काढत. बोल्टनची कीर्ती त्यांच्याही हातांनी विणलेली आहे. चौकात त्यांनाही जागा मिळायला हवी होती.